शुभसंदेश : बारोत्चीचे अम्लरेखन

शुभसंदेश : (ॲनन्सिएशन). प्रबोधनकाळाच्या अखेरच्या पर्वातील एक प्रख्यात अम्लरेखन. इटलीतील ऊर्बीनो येथील चित्रकार फेदेरीको बारोत्ची (सु. १५३५–१६१२) याने ते सु. १५८४ ते १५८८ या दरम्यान ताम्रपटावर केले. त्याचा आकार सु. ४४ × ३१ सेंमी. असून त्याच विषयावरील व त्याच रचनेचे बारोत्चीचे तैलचित्र १५८४ मध्ये पूर्ण झाले होते. मुद्राचित्र हे त्या तैलचित्रानंतरचे. तथापि त्याला केवळ तैलचित्राची प्रतिकृती समजणे योग्य होणार नाही. बारोत्चीने आयुष्यात अवघी चार अम्लरेखने केली. त्यांपैकी तंत्राच्या दृष्टीने सर्वांत परिपक्व आणि आशयाच्या दृष्टीने सर्वांत शांत असे हेच होय.

चित्रविषय लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील (२६–३८) आहे. गालीलातील नासरेथ गावी योसेफाशी वाग्दान झालेल्या मरीया नावाच्या कुमारिकेकडे गब्रीएल हा देवदूत येतो आणि तिच्या पोटी देवपुत्र जन्मास येणार असल्याचे तिला सांगतो. मूळ वृत्तांत अगदी संक्षिप्त आहे. खोली, पुस्तक, कमळफूल यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही. या साऱ्या गोष्टी मध्ययुगीन धर्मपरंपरेने आणि चित्रकारांनी त्यात भरल्या. मूळ कथेत जे आहे ते मरीयेच्या मनाचे स्थित्यंतर होय : अभिवादन ऐकून ती गोंधळते, त्याचा अर्थ काय असावा याचा विचार करते, हे कसे घडेल असे विचारते आणि अखेर देवाची इच्छा नम्रपणे स्वीकारते. पंधराव्या शतकातील रोबेर्तो काराच्चोलो या फ्रान्सिस्कन प्रवचनकाराने या स्थित्यंतराच्या पाच अवस्था कल्पिल्या होत्या आणि तत्कालीन श्रोते त्या अवस्थांच्या अनुरोधानेच अशी चित्रे पाहत. चित्रकाराला मात्र एकच क्षण निवडावा लागतो. शुभसंदेशाच्या कोणत्याही चित्राचे मूल्यमापन करताना त्याने कोणता क्षण निवडला, हा प्रश्न म्हणूनच प्रथम उपस्थित होतो.

बारोत्चीने निवडलेला क्षण स्वीकाराच्या अगदी अलीकडचा आहे. देवदूत गुडघे टेकून बसला आहे. त्याच्या एका हातात लिलीचे फूल असून दुसरा हात मरीयेच्या दिशेने पुढे आलेला आहे. मरीयाही गुडघ्यांवर आहे. वाचीत असलेल्या पुस्तकावरून तिचा एक हात अद्याप निघालेला नाही आणि दुसऱ्या हाताचा तळवा उघडा होऊन वर आला आहे. हा उघडा तळवा हे या चित्राचे मर्मस्थान होय. त्यात विस्मय आहे, पण प्रतिकार नाही. नजर खाली झुकलेली असल्याने चेहऱ्यावरून होकार वाचता येतो, तर हात अजून प्रश्न विचारीत असल्यासारखा भासतो. एकाच आकृतीत दोन लगतच्या मनोवस्था अशा रीतीने एकत्र आणण्याची किमया बारोत्चीने हावभावांच्या कोणत्याही अतिरेकाविना साधली आहे. दोघांच्याही गुडघे टेकण्यामुळे आणखी एक गोष्ट घडते : स्वर्गातून आलेला दूत मरीयेहून उंच राहत नाही. शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या घरी एखादा मोठा माणूस यावा आणि त्यानेच प्रथम वाकावे, असा त्या भेटीचा सूर आहे.

मागील भिंतीतील खिडकीतून दूरचे दृश्य दिसते. तेथे नासरेथ नाही, ऊर्बीनोचा राजवाडा आहे. पंधराव्या शतकात फेदेरीको दा माँतेफेल्त्रो याने बांधविलेल्या या वाड्याचे दोन सडपातळ बुरूज कोणाही ऊर्बीनोवासीयाने क्षणात ओळखावेत असे आहेत. बारोत्चीने हा वाडा आपल्या अनेक चित्रांच्या पार्श्वभूमीवर आणला आहे. परंतु येथे त्याला विशेष औचित्य आहे. मूळ तैलचित्र ऊर्बीनोचा ड्यूक दुसरा फ्रांचेस्को मारीया देल्ला रोव्हेरे याने लोरेतो येथील महामंदिरातील आपल्या खाजगी प्रार्थनालयासाठी करवून घेतले होते. लोरेतोच्या या मंदिरात एक लहानशी दगडी वास्तू जतन केलेली आहे. नासरेथमधील मरीयेचे घर ते हेच आणि १२९४ मध्ये देवदूतांनी ते तेथून उचलून येथे आणून ठेवले, अशी कॅथलिक भाविकांची परंपरागत श्रद्धा आहे. तेव्हा ज्या भिंतींच्या आत हा शुभसंदेश दिला गेला, त्याच भिंतींपासून काही पावलांवर हे चित्र वेदीवर उभे राहणार होते. नासरेथचे घर इटलीच्या या भागात आले असेल, तर त्याच्या खिडकीतून ऊर्बीनो दिसण्यात विसंगती कोणती? ड्यूकचा गौरव, चित्रकाराचे ग्रामप्रेम आणि तीर्थक्षेत्राची आख्यायिका या तिहींना त्या एका खिडकीत जागा मिळाली आहे. यातील राजस्तुतीचा भाग नाकारता येत नाही. मात्र तो दूर, पुसट आणि फिकट रेषांत ठेवण्याचा विवेक चित्रकाराने दाखविला आहे.

खोलीत एक मांजर झोपले आहे. याच मांजरामुळे हे चित्र सामान्य प्रेक्षकाच्या विशेष लक्षात राहते. लोरेतोपासून जवळच असलेल्या रेकानाती या गावी लोरेन्त्सो लोत्तो याने सु. १५३४ मध्ये रंगविलेले याच विषयावरील चित्र आहे. त्यातही मांजर आहे, पण ते देवदूताला पाहून पाठ वाकवून धूम ठोकीत आहे आणि मरीयाही दचकून प्रेक्षकाकडे वळली आहे. लोत्तोने अलौकिकाच्या आगमनाची भीती दाखविली. बारोत्चीचे मांजर जागेही होत नाही. ही तुलना केवळ गमतीची नाही. लोत्तोच्या चित्रात देवदूत हा घरात शिरलेला परका आहे. बारोत्चीच्या चित्रात तो इतक्या हळुवारपणे आला आहे, की घरातील सर्वांत सावध प्राण्यालाही त्याची चाहूल लागू नये. मांजरात सैतानाचे प्रतीक पाहणारे काही भाष्यकार आहेत. परंतु बारोत्चीच्या मांजराला हा अर्थ मानवत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्याच्या ‘मडोना देल गात्तो’ या चित्रातही मांजर आहे, आणि तेथेही वातावरण घरगुती जिव्हाळ्याचेच आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धार्मिक चित्रांबाबत केलेल्या निर्णयानंतर चित्रांनी भाविकांना शिकवावे व त्यांच्या भक्तिभावनेला आवाहन करावे, अशी अपेक्षा चर्चकडून होऊ लागली. तिची पूर्तता अनेकांनी गंभीर, शुष्क चित्रे काढून केली. बारोत्चीने ती घरातील परिचित वस्तू पवित्र कथेत आणून केली, आणि या दृष्टीने तो आपल्या समकालीनांहून अधिक दूरदर्शी ठरला.

आता तंत्राकडे वळले पाहिजे. कारण या कृतीचे खरे वेगळेपण तेथे आहे. उत्कीर्णनात ताम्रपटावरील रेषा कोरणीने तांबे कापून काढली जाते. ती स्वच्छ, ताठ व शिस्तबद्ध असते आणि तीत प्रावीण्य मिळविण्यास वर्षानुवर्षांचा सराव लागतो. अम्लरेखनात ताम्रपटावर मेण, राळ इत्यादींचा पातळ लेप देतात आणि सुईने त्या लेपावर रेखाटन करतात. सुई लेप खरवडते व तेथे तांबे उघडे पडते. नंतर पत्रा अम्लात ठेवला, की उघड्या पडलेल्या भागीच अम्ल तांबे खाते व खाचा तयार होतात. लेप काढून त्या खाचांत शाई भरतात, वरचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करतात आणि ओलसर कागद दाबयंत्रातून काढून ठसा घेतात. कष्टाचे काम अम्ल करते, कलावंताचा हात कागदावर टाक चालवावा तसा मोकळा चालतो. त्यामुळे ज्याने कोरणी कधी हाती धरली नाही अशा चित्रकारालाही हे माध्यम खुले झाले.

चिलखतांवर व शस्त्रांवर नक्षी करणारे कारागीर धातूवर अम्लाने रेषा उमटविण्याची ही युक्ती आधीपासून वापरीत. आउग्सबुर्कचा डानिएल होप्फर याने ती मुद्राचित्रणाकडे वळविली. आल्ब्रेख्ट ड्यूररने १५१५ ते १५१८ या काळात लोखंडी पत्र्यांवर सहा अम्लरेखने केली. गेथशेमाने बागेतील ख्रिस्ताच्या प्रार्थनेचे त्याचे १५१५ मधील चित्र या माध्यमातील बायबलविषयक कृतींत अग्रस्थानी आहे. परंतु त्या अम्लरेखनांतील रेषा सर्वत्र जवळपास सारख्याच जाडीच्या आहेत. वादळी वातावरणाला ही खरखरीत रेषा शोभून दिसली, तरी तिच्यात दूर व जवळ यांचा भेद दाखविण्याचे सामर्थ्य फारसे नव्हते. ड्यूररने पुढे हे माध्यम सोडून दिले. ल्यूकस व्हान लायडेन याने १५२० मध्ये लोखंडाऐवजी तांबे वापरले. इटलीत पार्मिज्यानीनो (१५०३–४०) याने अम्लरेखनाला टाकाच्या रेखाटनाची चपळाई दिली. शुभसंदेशाचा विषयही त्याने हाताळला. त्याची अम्लरेखने मोहक आहेत, पण ती मूलतः रेखाटनेच आहेत. रेषांच्या जाळ्यातून प्रकाश, हवा व वस्तूंचा पोत यांचा पूर्ण प्रत्यय देणारे चित्र अम्लरेखनातून निर्माण होऊ शकते, हे अजून कोणी सिद्ध केलेले नव्हते.

बारोत्चीने त्यासाठी योजिलेला उपाय टप्प्याटप्प्याने अम्लदंश देण्याचा होता. पत्रा अम्लात थोडा वेळ ठेवायचा, बाहेर काढायचा, ज्या रेषा फिकट राहावयास हव्यात त्यांवर पुन्हा लेप लावून त्या बंद करायच्या, आणि उरलेल्या रेषांना आणखी अम्ल द्यायचे. हा क्रम अनेकदा केला, की एकाच पत्र्यावर केसासारख्या बारीक रेषांपासून गडद, खोल रेषांपर्यंत सर्व पायऱ्या मिळतात. ऊर्बीनोचा वाडा पहिल्याच दंशानंतर झाकला गेला असावा, इतका तो विरळ आहे. पुढील वस्त्रांच्या घड्यांतील रेषा मात्र खोलवर खाल्लेल्या असून शाईने काठोकाठ भरतात. यथादर्शनाच्या भूमितीवर अवलंबून न राहता केवळ शाईच्या कमीअधिक घनतेने अंतर दाखविण्याची ही रीत आहे. चेहरा, हात यांसारख्या उघड्या अंगांसाठी त्याने रेषा सोडून लहान ठिपके व तुटक फटकारे वापरले. जेथे अम्लाची रेषा अपुरी पडली तेथे कोरणीने ती सुधारली आणि शुष्करेखनाने काही ठिकाणी मखमली गडदपणा आणला. तिन्ही तंत्रांचा हा संकर त्या काळच्या शुद्धतावादी कोरक्यांना रुचण्यासारखा नव्हता. परंतु बारोत्चीला तंत्राच्या शुद्धतेपेक्षा त्वचेची ऊब महत्त्वाची वाटत होती.

ही ऊब त्याच्या चित्रकलेचा आत्माच होती. तरुणपणी रोममध्ये व्हॅटिकनच्या उद्यानातील चौथ्या पायस पोपच्या वास्तूत तो १५६१ ते १५६३ दरम्यान काम करीत होता. तेथे त्याला गंभीर आजाराने गाठले. मत्सरी प्रतिस्पर्ध्यांनी त्याला विष घातले, असे त्याचा चरित्रकार जोव्हान्नी प्येत्रो बेल्लोरी याने १६७२ मध्ये लिहून ठेवले आहे. खरे कारण काहीही असो, १५६३ नंतर तो ऊर्बीनोस परतला आणि उर्वरित आयुष्य त्याने प्रामुख्याने तेथेच काढले. प्रकृतीमुळे दिवसातून थोडाच वेळ काम करू शकणारा हा चित्रकार प्रत्येक चित्रासाठी असंख्य पूर्वाभ्यास करी. त्याची दीड हजारांहून अधिक रेखाटने उपलब्ध आहेत, आणि रंगीत खडूंनी केलेले त्यातील चेहऱ्यांचे अभ्यास विशेष प्रसिद्ध आहेत. गुलाबी, फिकट पिवळा, निळसर राखी असे एकमेकांत विरघळणारे रंग ही त्याची ओळख. अशा चित्रकाराने काळ्या शाईच्या माध्यमाकडे वळावे, याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते.

त्याचे एक कारण त्या काळच्या मुद्राव्यवसायात सापडते. रोममध्ये स्थायिक झालेला डच उत्कीर्णक कोर्नेलिस कोर्ट याने बारोत्चीच्या ‘ईजिप्तहून परतताना विश्रांती’ या चित्राचे १५७५ मध्ये व ‘मडोना देल गात्तो’चे १५७७ मध्ये उत्कीर्णन केले. कोर्टची कोरणी अतिशय कुशल होती. तिच्या फुगत व बारीक होत जाणाऱ्या समांतर रेषा आकारांना घनता देतात. परंतु बारोत्चीच्या आकृतींभोवतीची धूसर हवा त्या रेषांच्या शिस्तीत नाहीशी होते आणि गाल संगमरवरी होतात. १५७८ मध्ये कोर्ट मरण पावला. बारोत्चीने ‘इल पेर्दोनो’ या ऊर्बीनोतील आपल्या वेदीचित्राचे अम्लरेखन स्वतः केले त्यावर १५८१ हे वर्ष घातलेले आहे. आपल्या चित्राचे दुसऱ्याने केलेले भाषांतर वाचून असमाधानी झालेल्या लेखकाने स्वतःच लेखणी हाती घ्यावी, तशातलाच हा प्रकार दिसतो.

भाषांतराची ही उपमा थोडी पुढे नेता येईल. तैलचित्रात मरीया आणि देवदूत यांना जोडणारा धागा रंगांचा आहे. मुद्राचित्रात तो धागा तुटतो, आणि त्याची भरपाई प्रकाशाने करावी लागते. कोरा कागद हाच येथे प्रकाश होय. मरीयेचा उघडा तळवा तैलचित्रात अनेक उजळ स्थळांपैकी एक आहे; अम्लरेखनात सभोवती रेषांची दाटी असल्याने त्याच्यावर दृष्टी अधिक खिळते. म्हणजे जे रंगात सांगता आले नव्हते ते काळ्यापांढऱ्यात अधिक स्पष्ट झाले. याउलट वस्त्रांच्या बाबतीत तोटा झाला आहे. रंगांतील झगझगीत रेशमी उलटापालट रेषांनी दाखविण्याच्या प्रयत्नात घड्यांचे जाळे काही ठिकाणी अनावश्यक दाट झाले आहे. खोलीतील अंधाऱ्या भागांतही रेषांवर रेषा चढवून शाईची गर्दी झाली आहे आणि तेथे हवा खेळत नाही. रेम्ब्रँटने पुढील शतकात अंधारालाही श्वास घेता येईल अशी रेषा निर्माण केली. तिच्या तुलनेत बारोत्ची अजून प्रत्येक कोपरा भरून काढणाऱ्या वेदीचित्रकाराच्या सवयीतून सुटलेला नाही, असे म्हणावे लागते. अम्लरेखनाचे जे स्वाभाविक वैभव, म्हणजे अर्धवट सोडून देण्याचे धैर्य, ते येथे क्वचितच आढळते. ड्यूक, तीर्थक्षेत्र आणि चर्च या तिघांसाठी आखलेल्या रचनेत त्याला वावही नव्हता.

असे असूनही या कृतीचे ऐतिहासिक महत्त्व कमी होत नाही. चित्रकाराने केलेले अम्लरेखन हे तैलचित्राइतकेच पूर्ण असू शकते, हा विश्वास बारोत्चीच्या या चार पत्र्यांनी पुढील पिढीला दिला. आगोस्तीनो कार्रात्ची याने त्याच्या ‘ढगांतील मडोना’ या अम्लरेखनाची प्रतिकृती १५८२ मध्येच उत्कीर्णनाने केली आणि १५९५ मध्ये त्याच्या ‘ईनिअसचे ट्रॉयहून पलायन’ या चित्राचेही उत्कीर्णन केले. रेम्ब्रँटच्या १६४१ मधील ढगांतील मडोनेच्या अम्लरेखनामागे बारोत्चीचाच नमुना आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आडाम बार्ट्‌श या व्हिएन्नातील मुद्राचित्र-अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या प्रचंड सूचीत या चारही मुद्राचित्रांची नोंद केली आणि तेथपासून त्यांचे पद्धतशीर अध्ययन सुरू झाले. आंद्रेआ एमिल्यानी याने १९७५ मध्ये बोलोन्या येथे भरविलेले प्रदर्शन, १९७८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड व येल येथे झालेले त्याच्या रेखाटनांचे व मुद्राचित्रांचे प्रदर्शन, २०१२-१३ मध्ये सेंट लूइस व लंडन येथील प्रदर्शन आणि २०२४ मध्ये खुद्द ऊर्बीनोच्या राजवाड्यात भरलेले प्रदर्शन यांमुळे, रॅफेएल व काराव्हाद्जो यांच्या मध्ये कोठेतरी हरवलेल्या या चित्रकाराकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. ज्या वाड्याला त्याने आपल्या पार्श्वभूमीवर इतक्या वेळा स्थान दिले, तो वाडा आता संग्रहालय झाला आहे.

मूळ तैलचित्राच्या नशिबी मात्र स्थलांतर आले. ड्यूक फ्रांचेस्को मारीया १६३१ मध्ये निधन पावल्यावर ऊर्बीनोची जहागीर पोपच्या राज्यात विलीन झाली. फ्रेंच सैन्याने १७९७ मध्ये इटलीतून नेलेल्या कलाकृतींत हे चित्र पॅरिसला गेले. नेपोलियनच्या पाडावानंतर ते परत आले ते लोरेतोला नव्हे, तर रोमला, आणि आज ते व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहात आहे. लोरेतोच्या प्रार्थनालयातील वेदीवर त्याची कुट्टिम प्रतिकृती आहे. पवित्र घराच्या शेजारी, त्याच घरातील प्रसंग, आणि त्याच्या खिडकीत यजमानाचा वाडा हे जे अर्थांचे वर्तुळ बारोत्चीने आखले होते, ते तैलचित्र जागचे हलताच तुटले. अम्लरेखनाचे तसे झाले नाही. ते प्रथमपासूनच कोणत्याही एका भिंतीसाठी नव्हते. लंडनचे ब्रिटिश म्यूझीयम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्यूझीयम आणि यूरोप-अमेरिकेतील इतर संग्रहांत त्याचे ठसे आहेत.

हे ठसे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ताम्रपटावरून जितके अधिक ठसे घ्यावेत तितका तो झिजत जातो. शुष्करेखनाच्या कडा थोड्याच ठशांत दबतात आणि उथळ खाचाही लवकर पुसट होतात. खोल रेषा मात्र बराच काळ टिकतात. परिणामी उशिराच्या ठशांत वस्त्रे ठसठशीत राहतात आणि चेहऱ्यावरील ठिपके, तळव्यावरील हलकी छाया व खिडकीतील वाडा विरळ होत जातात. अशा ठशावरून या कृतीबद्दल मत बनविणाऱ्यास ती कोरडी व जड वाटण्याचा संभव आहे. आरंभीच्या चांगल्या ठशात मात्र वाड्याचे बुरूज कागदात विरघळण्याच्या बेतात असूनही स्पष्ट दिसतात आणि मरीयेच्या बोटांच्या कडा ठिपक्यांनीच घडलेल्या असल्याचे जवळून पाहिल्याखेरीज कळत नाही.